गारीपचा मासा

आमच्या वहिनी भंडाऱ्याच्या. त्यांचे माहेर एका मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या काठावरचे आहे, आणि लग्न होऊन मुंबईत आल्याला चाळीस वर्षे झाली तरी गोड्या पाण्याच्या माशांची चव त्यांच्या जिभेवरून गेलेली नाही. आमच्या घरात कौतुक पापलेट, बांगडा आणि बोंबलाचे. वहिनी मात्र मरळ, वाम आणि मांगूर यांच्या आठवणींत रमतात. गेल्या दिवाळीनंतर माझ्या भावाला डेंग्यू झाला आणि ताप उतरल्यावरही त्याच्या अंगात त्राण राहिले नाही, तेव्हा वहिनींनी एकच गोष्ट धरून ठेवली, की आजारातून उठलेल्या माणसाला मांगुराचा रस्सा द्यायला हवा. म्हणून एका रविवारी सकाळी त्या आणि मी पूर्व उपनगरांतल्या एका बाजारात गेलो, जिथे गोड्या पाण्याचे मासे जिवंत मिळतात.

मांगूर होता. निळे पिंप आडवे कापून केलेल्या टबात वीतभर पाणी होते आणि त्या पाण्यात हातभर लांबीचे, काळपट, बिनखवल्याचे मासे एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे पडलेले होते. दर काही क्षणांनी त्यांच्यातला एखादा आपले रुंद, चपटे डोके वर काढी, पाण्याबाहेर तोंड उघडून हवेचा एक घोट घेई आणि पुन्हा खाली जाई. त्या घोटाचा बारीक ‘चपक्’ असा आवाज बाजाराच्या गलक्यातही ऐकू येत होता. “गावठी मांगूर आहे, मावशी, नदीतला,” असे विक्रेत्याने सांगितले. वहिनी वाकल्या, एका माशाच्या डोक्यामागून त्यांनी अंगठा फिरवला आणि सरळ उभ्या राहून मला म्हणाल्या, “ताई, हा आपला मांगूर नाही जी.”

विक्रेत्याने वाद घातला नाही. वहिनी सरळ पुढे चालू लागल्या. मी मात्र तिथेच थांबले, कारण मी तीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आहे आणि बाजारात ज्याला ‘थाई मांगूर’ म्हणतात तो मासा प्रत्यक्षात कोणता, हे मला ठाऊक होते. पुस्तकातले त्याचे नाव क्लॅरियस गॅरिपायनस. तो थायलंडचा नाही, आफ्रिकेचा आहे. तो पाळण्यास आणि विकण्यास आपल्याकडे बंदी आहे, हेही मला माहीत होते, आणि तरीही मी त्यातला एक मासा विकत घेतला. खाण्यासाठी घेतला नाही. ज्या अवयवाचे चित्र मी इतकी वर्षे फळ्यावर खडूने काढत आले, तो ताज्या माशात स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, अशी इच्छा मनात फार दिवसांपासून होती.

घरी वजन केले तर मासा सव्वा किलो भरला. ओट्यावर जुनी वर्तमानपत्रे पसरून मी त्याला उजेडात ठेवले. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या होत्या. डोके म्हणजे वरून दाबून चपटे केलेले हाडांचे शिरस्त्राणच. त्यावर नखाने टिचकी मारली तर लाकडावर मारल्यासारखा आवाज येत होता. पाठीवरचा पर डोक्याच्या थोड्या मागून निघून थेट शेपटीजवळ पोहोचला होता आणि छातीच्या प्रत्येक पराच्या पुढच्या कडेला एक जाड काटा होता, ज्याच्या दातेरी धारेवरून बोट फिरवताना जपावे लागत होते. तोंड उघडून आत बोट घातले तेव्हा जबड्यांवर बारीक टोकदार दातांचे पट्टे कानशीसारखे लागले. दक्षिण आफ्रिकेतले लोक त्याला ‘शार्पटूथ’ का म्हणतात, ते त्या स्पर्शाने कळले.

एवढ्यात वहिनी शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी माझे बोट धरले आणि माशाच्या डोक्यामागच्या हाडावर ठेवले. आपल्या मांगुराच्या डोक्याचे हाड मागे निमुळते होत जाते आणि त्याचे एकच टोक अंगठ्याला लागते, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. या माशाच्या हाडाची मागची कड मात्र डब्ल्यू अक्षरासारखी वरखाली जाते. मासे ओळखण्याच्या सरकारी पत्रकांतही हीच खूण सांगितलेली असते. वहिनींनी ती पत्रके पाहिलेली नाहीत. त्यांनी लहानपणी शेकडो मांगूर हाताळले आणि त्यांच्या अंगठ्याला जे एक टोक सवयीचे होते ते या माशात सापडले नाही, एवढ्यावरून त्यांनी बाजारात निकाल दिला होता.

मग मी कल्ल्यावरचे झाकण कात्रीने कापून बाजूला केले. कल्ले जसे असतात तसेच होते, पण त्यांच्या वर, डोक्याच्या एका पोकळीत, लालभडक रंगाची दोन छोटी झाडे उभी होती. ‘झाडे’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. या अवयवाचे शास्त्रीय वर्णनही वृक्षाकार असेच करतात. कल्ल्यांच्या दुसऱ्या आणि चौथ्या कमानीपासून ती उगवतात, त्यांना खोड असते, फांद्या असतात आणि फांद्यांची टोके पोवळ्यासारखी फुगीर असतात. मासा वर येऊन जो हवेचा घोट घेतो तो या पोकळीत साठतो आणि फांद्यांतून खेळणारे रक्त त्यातला प्राणवायू उचलते. पाण्यातला प्राणवायू संपला, पाण्याचा चिखल झाला, चिखलही आटू लागला, तरी अंग ओले असेपर्यंत हा मासा जगू शकतो. टबातल्या वीतभर घाणेरड्या पाण्यात वीस-पंचवीस मासे दिवसभर जिवंत राहतात ते या झाडांच्या बळावर. क्लॅरियस हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याचा अर्थच ‘चैतन्यपूर्ण’ असा आहे.

त्याच्या नावाचा दुसरा भाग मला अधिक जवळचा वाटतो. दक्षिण आफ्रिकेतल्या ज्या नदीला युरोपीय लोकांनी ऑरेंज असे नाव दिले, तिला तिथल्या खोई लोकांच्या भाषेत गारीप म्हणतात. विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने त्या भागात प्रवास करताना हा मासा पाहिला आणि १८२२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करताना राजघराण्यावरून आलेले ‘ऑरेंज’ न वापरता नदीचे मूळ नाव माशाला दिले. गॅरिपायनस म्हणजे गारीपचा. नावातच घरचा पत्ता असलेल्या माशाला आपण मात्र दुसऱ्याच देशाच्या नावाने ओळखतो, आणि मला वाटते की त्यामुळे या माशाविषयीचा आपला सगळा विचारच चुकीच्या जागेपासून सुरू होतो.

त्याचे घर खरोखर मोठे आहे. दक्षिणेत गारीपपासून उत्तरेत नाईलपर्यंत जवळजवळ संपूर्ण आफ्रिका खंडात, आणि त्यापलीकडे जॉर्डनच्या खोऱ्यातून तुर्कस्तानच्या दक्षिण भागापर्यंत तो मूळचा आढळतो. पूर्ण वाढलेला मासा दीड मीटरच्याही पुढे जातो आणि ६० किलोपर्यंतच्या वजनाच्या नोंदी आहेत. नाईलकाठच्या माणसांनी त्याच्या कुळाला फार प्राचीन काळी मान दिला होता. इसवी सनापूर्वी सुमारे ३१०० च्या सुमारास होऊन गेलेल्या नार्मर या इजिप्तच्या राजाचे नाव चित्रलिपीत दोन चिन्हांनी लिहिले जात असे, एक मिशाळ मासा आणि एक छिन्नी; माशाचा उच्चार ‘नार’ आणि छिन्नीचा ‘मेर’. हायराकॉन्पोलिस येथे १८९८ च्या सुमारास सापडलेल्या आणि आता कैरोच्या संग्रहालयाच्या मालकीच्या असलेल्या दगडी पाटीवर तो मासा आजही स्पष्ट दिसतो, मिशांसकट. पहिल्या राजवंशाच्या राजाने आपल्या नावासाठी मिरवावा असा हा प्राणी होता.

पण या माशाचे खरे सामर्थ्य पाहायचे तर ओकावांगोकडे वळले पाहिजे. अंगोलाच्या डोंगराळ प्रदेशात उगम पावणारी ही नदी नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून बोत्स्वानात येते आणि समुद्राला न मिळता वाळवंटाच्या काठावर पसरून एक अफाट दलदल तयार करते. पुराचे दिवस सरून सप्टेंबरपासून पाणी उतरू लागले, की पूरमैदानांत वाढलेले लहान मासे निरुपायाने मुख्य प्रवाहात येतात आणि काठच्या पपायरस लव्हाळ्यांच्या मुळांत आसरा घेतात. नेमक्या याच वेळी एरवी एकेकटे फिरणारे हे मांगूर एकत्र येतात. शेकड्यांनी, कधी हजारांनी. लव्हाळ्यांच्या काठाने ते प्रवाहाविरुद्ध वर सरकू लागतात आणि शेपट्यांचे फटकारे मारून मुळांत दडलेल्या माशांना बाहेर काढतात. पाणी उकळत असल्यासारखे दिसते आणि फटकाऱ्यांचा आवाज दुरून ऐकू येतो. आकाशात बगळे आणि मत्स्यगरुड जमतात, मगरी येतात, आणि मांगुरांच्या फळीच्या बाहेरच्या अंगाला, मोकळ्या पाण्यात, आफ्रिकेतला दुसरा प्रसिद्ध शिकारी मासा म्हणजे टायगरफिश निसटून येणाऱ्यांची वाट पाहत घिरट्या घालतो. तिथले लोक मांगुराला बार्बल म्हणतात आणि या घटनेला ‘बार्बल रन’. कळप करून शिकार करणारे मासे समुद्रात पुष्कळ आहेत, परंतु नदीच्या गढूळ पाण्यात, जिथे जवळजवळ काहीच दिसत नाही, तिथे इतक्या माशांनी मिळून केलेली शिकार मला विलक्षण वाटते.

दिसत नाही तर मग सावज सापडते कसे, हा प्रश्न वर्गात मुले नेहमी विचारत. मिशा आहेतच, त्यांच्यावर स्पर्शाची आणि चवीची संवेदना असते. पण त्याहून सूक्ष्म असे एक साधन त्याच्या कातडीत आहे. ओकावांगोतल्या या शिकारीत मॉर्मिरिड कुळातले मासे मोठ्या संख्येने बळी पडतात, आणि हे मासे अतिशय क्षीण अशी वीज निर्माण करतात. अंधारात वाट शोधण्यासाठी आणि आपसांत संवाद साधण्यासाठी ते ती वापरतात; आपल्याला तिचा झटका जाणवणारही नाही. मांगुराच्या कातडीतले विद्युत-संवेदक अशी मंद स्पंदने टिपू शकतात. बुलडॉगफिश नावाच्या मॉर्मिरिडवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की विणीच्या काळात त्याच्या नराचे स्पंद लांबतात आणि नेमके हेच लांबलेले स्पंद मांगुराला अधिक अंतरावरून जाणवतात. मादीला बोलावणारा संकेत शिकाऱ्यालाही बोलावतो. हे मी ज्या दिवशी प्रथम वाचले त्या दिवशी दुसऱ्या तासाचा नेमलेला धडा बाजूला ठेवून मुलांना हेच सांगितले होते.

या शिकारीत अंगावर चढलेले मांस त्याला पुढच्या पुरासाठी लागते. पाऊस पडून नदी काठाबाहेर आली, की मांगूर रात्रीच्या वेळी मुख्य प्रवाह सोडून नुकत्याच भिजलेल्या गवताळ उथळ पाण्यात शिरतो आणि तिथे अंडी घालतो. अंडी गवताला चिकटतात आणि दीड दिवसाच्या आतच पिल्ले बाहेर येतात. आईबाप तोवर निघून गेलेले असतात. ठाणे, पालघर, रायगडच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांतून भातखाचरांकडे चढणारे वलगणीचे मासे, चढणीचे मासे, आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलो आहोत. गारीपच्या माशाची रीत तीच आहे. म्हणूनच तो आपल्याकडे आला तेव्हा त्याला काही नवे शिकावे लागले नाही. आपला पाऊस, आपली खाचरे, आपले आटणारे आणि भरणारे तलाव त्याला घरच्यासारखेच वाटले असणार.

तो आला कसा, हेही सांगायला हवे. झटपट वाढ, काहीही खाण्याची तयारी, दाटीवाटीत आणि वाईट पाण्यात तग धरण्याची ताकद, हे गुण पाहून १९७० च्या दशकापासून मत्स्यशेतीच्या अभ्यासकांचे लक्ष या माशाकडे वळले. आज नायजेरियात तो मोठ्या प्रमाणावर पाळला जातो. तिथल्या खाणावळींत गिऱ्हाईक टाकीतला जिवंत मासा बोटाने दाखवते आणि त्याचे तिखट मिरपुडीचे सूप करून घेते, ज्याला तिथे ‘पॉइंट अँड किल’ असे नाव आहे. थायलंडमध्ये त्याचा तिथल्या एका स्थानिक मांगुराशी संकर करण्यात आला, कारण स्थानिक माशाचे मांस चवदार आणि आफ्रिकी माशाची वाढ जोमदार. थायलंडमधून १९८९ मध्ये आफ्रिकी मासा बांगलादेशात गेला आणि तिथून १९९० च्या दशकाच्या आरंभी, कोणत्याही परवानगीशिवाय, चोरवाटेने भारतात आला. वाटेतला एक मुक्काम त्याच्या नावाला चिकटला आणि तो ‘थाई’ झाला. केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये राज्यांना त्या बंदीची कडक अंमलबजावणी करायला सांगितले आणि महाराष्ट्रातही तलाव उपसून हे मासे खड्ड्यांत पुरण्याच्या कारवाया झाल्या. बाजारातला टब मी पाहिला तो त्यानंतरचा.

या माशाविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यातले बरेचसे मला खटकते. ‘कर्करोग देणारा मासा’, ‘राक्षसी मासा’ अशी शीर्षके असतात. आफ्रिकेत कोट्यवधी लोक हा मासा खातात. त्याच्या मांसात जन्मतः काही विष नाही. खटकण्यासारखी गोष्ट आहे ती त्याला आपल्याकडे ज्या रीतीने वाढवले जाते ती. मुंबईभोवतालच्या पट्ट्यात, भिवंडी-पालघरच्या बाजूला, आडबाजूची तळी खोदून त्यांत तो सोडतात आणि कोंबड्यांच्या दुकानांतले कोथळे, पिसे, कत्तलखान्यातले सडके अवशेष त्याला घालतात, कारण ते फुकट मिळतात आणि त्यावर इतर कोणताही मासा जगणार नाही. तळ्याचे पाणी काळे पडते, दुर्गंधी गावभर पसरते, आजूबाजूच्या विहिरींत ती घाण झिरपते. अशा पाण्यात वाढलेल्या माशाच्या शरीरात जे जे साठते ते शेवटी खाणाऱ्याच्या ताटात येते. रोगाची भीती सांगायचीच असेल तर ती या तळ्यांची सांगावी. प्राण्याच्या माथी ती मारू नये.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे, कारण ती परत फिरवता येत नाही. असे तळे म्हणजे चार बाजूंना मातीचा बांध. जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी बदलापूरच्या वस्तीत कसे शिरले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तसा पूर आला की तळे, ओढा, खाचर आणि नदी यांच्यात काही अंतर उरत नाही. आणि पूर येण्याचीही या माशाला गरज नाही, कारण छातीच्या काट्यांवर अंग पेलत, वळवळत, ओल्या गवतातून तो स्वतःच्या बळावर एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. एकदा नदीत गेला की तो किडे, गोगलगायी, बेडूक, इतर माशांची पिल्ले आणि संधी मिळाली तर पक्षीही खातो. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात, जे १९८५ पासून जागतिक वारसास्थळ आहे, हा मासा शिरला आणि तिथे त्याच्या पोटात पाणकोंबडी सापडल्याची नोंद २००९ मध्ये अभ्यासकांनी प्रसिद्ध केली. जिथे लोक पक्षी पाहायला जातात तिथे वनखात्याला मासे पकडून काढण्याचे काम मागे लागले.

घराबाहेर पडलेला हा मासा त्याच्या स्वतःच्या देशातही उपद्रवी ठरतो, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. दक्षिण आफ्रिकेने १९७५ मध्ये गारीपचे पाणी दुसऱ्या खोऱ्यात नेण्यासाठी सुमारे ८३ किलोमीटर लांबीचा बोगदा पूर्ण केला. त्या बोगद्यातून पाण्याबरोबर मांगूरही ग्रेट फिश नदीत पोहोचला, जिथे तो पूर्वी कधी नव्हता, आणि आज तिथले मत्स्यशास्त्रज्ञ त्याला परका, आक्रमक मासा म्हणून मोजतात. डोंगराच्या एका बाजूला तो नदीचा मूळ रहिवासी. डोंगराच्या दुसऱ्या बाजूला, त्याच देशात, तोच मासा संकट. म्हणून मी त्याला राक्षस म्हणायला तयार नाही. त्याला उचलून नेणारे हात माणसांचे होते, दक्षिण आफ्रिकेत सरकारचे आणि आपल्याकडे चोरट्या व्यापाऱ्यांचे.

यात सर्वांत जास्त हरला तो आपला मांगूर. त्याचे शास्त्रीय नाव क्लॅरियस मागूर. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो संकटग्रस्त प्रजातींमध्ये आहे. बिहारने त्याला राज्यमत्स्याचा मान दिला आहे. त्याच्या डोक्यातही तशीच दोन लाल झाडे असतात, तोही हवेचे घोट घेतो, तोही पहिल्या पावसात खाचराकडे चढतो, पण तो सावकाश वाढतो आणि पाव किलोचा झाला की मोठा समजला जातो. तलाव गाळाने भरले, खाचरांत कीटकनाशके आली, बंधाऱ्यांनी चढणीच्या वाटा अडवल्या, आणि त्यातच त्याच्यासारखाच दिसणारा, त्याच्या चौपट वेगाने वाढणारा पाहुणा त्याच्याच नावाने बाजारात विकला जाऊ लागला. विक्रेत्याने आम्हाला ‘गावठी’ म्हणून जे दिले त्याचा मला खरा राग आहे तो यासाठी. दोन पैसे जास्त गेल्याचे दुःख नाही; पण मुंबईत वाढणाऱ्या मुलाला जर सव्वा किलोचा आफ्रिकी मासा ‘गावठी मांगूर’ म्हणून दाखवला, तर खरा मांगूर नाहीसा झाल्याचे त्याला कधी कळणारही नाही.

ओट्यावरचा मासा मी त्या दिवशी पूर्ण उकलून पाहिला, झाडांची दोन चित्रे वहीत काढली आणि कवटीचे हाड उकळून, घासून, वाळवून ठेवले. ते आता माझ्या टेबलावर आहे. वहिनींनी मात्र त्याच संध्याकाळी माहेरी फोन केला.

आठ दिवसांनी त्यांचा भाचा विदर्भ एक्सप्रेसने आला. भंडारा रोडला दुपारी गाडीत बसताना त्याने एका स्टीलच्या डब्यात ओल्या गोणपाटात गुंडाळून तीन मांगूर ठेवले होते आणि वाटेत दोनदा बाटलीतले पाणी शिंपडले होते. सकाळी डबा उघडला तेव्हा तिन्ही जिवंत होते. तपकिरी, गुळगुळीत, माझ्या तळहातापेक्षा थोडेसेच लांब. वहिनींनी ते बादलीत सोडले आणि बादलीवर ताट झाकून वर वरवंटा ठेवला, कारण हे मासे रात्रीतून उडी मारून चालायला लागतात, असे त्यांचे म्हणणे. “असे तीन मिळवायला त्याला दोन दिवस तळ्यावर जावे लागले जी,” त्या म्हणाल्या. “आमच्या लहानपणी एका जाळ्यात पंधरा-वीस यायचे.”

मी टेबलावरचे हाड घेऊन आले. वहिनींनी बादलीतला एक मासा ओल्या फडक्यात धरून वर काढला, त्याच्या डोक्याशेजारी ते हाड ठेवले आणि भावाच्या खाटेजवळ नेले. भावाने आधी हाडाच्या वरखाली जाणाऱ्या कडेवरून बोट फिरवले, मग जिवंत माशाच्या डोक्यामागे, जिथे एकच निमुळते टोक होते. माशाने तोंड उघडून हवेचा घोट घेतला. वहिनींनी त्याला परत बादलीत सोडले आणि रस्सा उद्या करू, आज राहू दे, असे म्हणून ताट पुन्हा झाकले.